चार खोल्यांच्या चार फरश्या

सोमवार, २० नोव्हेंबर १९७८, चंडीगड

चि. जयंताने पुण्याहून नाशिकला माझा धाकटा भाऊ श्यामकांत यास जे पत्र लिहिले, ते श्यामकांताने 'दादा, आपण वाचावे' एवढी एकच ओळ जोडून माझ्याकडे पाठविले आहे. पत्रात आमच्या घरी दिवाळीत घडलेल्या प्रसंगाचे वर्णन आहे. पत्रलेखक त्या वेळी येथे उपस्थित होता. तेव्हा त्याने चुका करण्यास काही कारण नव्हते. तरीही त्या आहेत. येथे दुरुस्त करतो.

'लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आई जिन्यावरून पडली,' असे तो लिहितो. दिवस लक्ष्मीपूजनाचा नव्हता, पाडव्याचा, म्हणजे १ नोव्हेंबरचा होता. आमच्या घरास गच्चीचा जिना आहे, परंतु सौ. शशिकला पडली ती तेथे नव्हे, तर स्वयंपाकघरातून मागील अंगणात उतरावयाच्या पायऱ्यांवर. 'पडली' हे क्रियापदही तेथे योग्य नाही. ती बसली. हातातील करंज्यांचे ताट तिने सोडले नाही. पडणाऱ्या माणसास हे साधत नाही.

'आईला दिसत नाही आणि बाबा ऐकत नाहीत.' पहिले विधान अतिशयोक्त आहे. सौ.ला काचबिंदू आहे, हे गेल्या वर्षी इस्पितळात निदान झाले. थेंब सकाळ-संध्याकाळ मी स्वतः घालतो आणि डॉक्टरांच्या मते डोळ्यांतील दाब आटोक्यात आहे. ती दोन वेळचा स्वयंपाक करते, दूध उतू जाऊ देत नाही. दुसऱ्या विधानाविषयी मी काही बोलत नाही.

सौ. बसली त्याचे खरे कारण फरशी. घर बांधले त्या वेळची सिमेंटची जमीन आता ठिकठिकाणी उखडली आहे. त्या पायरीची कड तर तुटलेलीच आहे. जयंत मार्चमध्ये येणार, हे घर विकावयाचे ठरविणार आणि आम्हां दोघांना पुण्यास आपल्या व सूनबाई रागिणीच्या फ्लॅटमध्ये नेणार, असा पत्राचा समारोप आहे. सौ.ने ते मला मोठ्याने वाचावयास सांगितले. जयंताचे अक्षर कोणासही लागत नाही. ऐकून ती एवढेच म्हणाली, “मार्चला येतोय ना? मग मार्चच्या आत जमीन करून घ्या.”

कारण नाहीसे केले की परिणाम राहत नाही. उद्यापासून दरपत्रके मागवितो.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

दोन कंत्राटदार येऊन घर पाहून गेले. मदनलाल सूद हा सेक्टर सतरात कचेरी असलेला, टाय बांधणारा गृहस्थ. त्याने पोलादी फीत काढून खोल्या मोजल्या आणि माझ्याशी इंग्रजीत बोलला. दुसरा उजागरसिंग मथारू, पांढऱ्या दाढीचा, राहणार मनीमाजरा. त्याने प्रथम पाणी मागितले आणि ते पिता पिता सौ.शी पंजाबीत बोलू लागला. सौ. त्याला वीरजी म्हणते, तो तिला बीजी. इकडे भावास वीरजी आणि आईला बीजी म्हणतात. इतक्या वर्षांत मला ती भाषा आली नाही. हिला ती भाजीवाल्यांकडून आणि शेजारणींकडून येऊन चिकटली आहे. ती मराठी बोलतानाही आता 'पक्का' आणि 'चलो जी' म्हणते. मी दुरुस्त करतो. ती 'बरं जी' म्हणते.

येथील प्रघात असा की, कंत्राटदाराचे दर पाहण्यापूर्वी त्याने केलेले काम जाऊन पाहावे. प्रघात समंजस आहे. मी एकटाच जाणार होतो. सौ. म्हणाली, “मीही येणार. तुम्ही बघा, मी चालून बघते.” वाक्यरचना मला चमत्कारिक वाटली, परंतु दुरुस्त करण्याजोगे तिच्यात काही सापडले नाही.

सोमवार, २७ नोव्हेंबर

रिक्षाने प्रथम सूदचे काम पाहावयास सेक्टर अठरातील एका निवृत्त कर्नलांकडे गेलो. संगमरवरी खडी सिमेंटात घालून घासलेली, ज्याला येथे 'चिप्स' म्हणतात, ती फरशी. घरभर एकसारखी, आरशासारखी. मी प्रसन्न झालो. सौ.ने दारातच चपला काढल्या. कर्नलीणबाई म्हणाल्या, “रहने दीजिए, फ़र्श बर्फ़ हो रहा है।” ही म्हणाली, “नहीं जी, हमारे में चप्पल नहीं चलती,” आणि अनवाणी दिवाणखान्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. तिने खाली एकदाही पाहिले नाही. दूरचे गाणे ऐकत असल्यासारखी मान किंचित कलती होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “इथं काहीच कळत नाही.”

“काय कळावयास हवे? फरशी आहे.”

“मेली सगळीकडे एकच बोलते,” ती म्हणाली.

तेथून बसने मनीमाजऱ्यास. उजागरसिंगाने केलेले काम पाहावयास मागितले, तर त्याने स्वतःचेच अंगण दाखविले. प्रत्येक कामातून जी खडी उरते ती तो घरी आणून अंगणाच्या एका तुकड्यात ओततो. गेली पंचवीस वर्षे हे चालू आहे. कोठे मोठे खडे, कोठे मुगाएवढे, कोठे नदीतील गोटे अर्धे वर आलेले, कोठे ताणलेल्या दोरीने पाडलेल्या रेघा. अंगण नव्हे, ती एक गोधडी होती. मला तो पसारा पाहून शिसारी आली. सौ.ने चपला काढल्या आणि त्या गोधडीवर ती इतका वेळ फिरत राहिली की, उजागरसिंगाच्या सुनेने आणलेला चहा निवून गेला. ती एका तुकड्यावर थांबे, माघारी येई, पुन्हा त्यावर पाय ठेवी. मग काही विचारी. उजागरसिंग काही सांगे. दोघे हसत.

मी तिला परक्या घरात इतकी निवांत पूर्वी पाहिलेली नाही. परतताना बसमध्ये तिने माझा हात धरला होता. गर्दी होती.

शनिवार, २ डिसेंबर

दोन्ही दरपत्रके आली.

सूदचे टंकलिखित. चार खोल्या, बोळ, न्हाणीघर, पायऱ्या: सर्वत्र करड्या रंगाची एकच चिप्सची फरशी. परिमाणे बरोबर, बेरीज बरोबर, शुद्धलेखनाची एकच चूक. हे दरपत्रक असे की, त्यावर कोठेही पेन्सिल टेकवावीशी वाटू नये.

उजागरसिंगाचे दरपत्रक त्याच्या मुनशीने हिंदीत लिहिलेले. किंमत सूदच्या सव्वापट. ती का, हे पाहू गेलो तो मी चकित झालो. या माणसाने चार खोल्यांना चार निरनिराळ्या फरश्या योजिल्या आहेत. स्वयंपाकघरात बारीक खडी, माजघरात मोठी. बोळात आडव्या रेघा. न्हाणीघर, म्हणजे येथील गुसलखाना, खरखरीत. मागील पायऱ्यांच्या अलीकडे आणि जिन्याच्या पायथ्याशी नदीतील गोट्यांचा हातभर रुंद पट्टा. प्रत्येक उंबरठ्याच्या जागी पितळी पट्टी. कळस म्हणजे माझ्या अभ्यासिकेत दारापासून एक पितळी पट्टी निघते आणि खोलीच्या मध्यावर, भिंतीपर्यंत न पोहोचता, संपते. कर्ता आहे, कर्म आहे आणि क्रियापदाच्या जागी लेखक उठून गेला आहे.

मी आयुष्यभर सरकारी छापखान्यात मुद्रिते तपासली. मजकूर भरविण्यासाठी घातलेला मजकूर मला दुरून ओळखू येतो. तांबडी पेन्सिल घेऊन मी नऊ बाबी खोडल्या.

सायंकाळी महाराष्ट्र मंडळात श्री. नंदकुमार परांडेकर भेटले. ते बांधकाम खात्यात अभियंता आहेत. दरपत्रक वाचून म्हणाले, “काका, हा माणूस तुम्हांला फरशी विकत नाहीये, प्रदर्शन विकतोय. सूदला देऊन टाका, पक्का.”

'पक्का' सोडून त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

मंगळवार, ५ डिसेंबर

उजागरसिंगास बोलावून खोडलेल्या बाबी दाखविल्या. त्याने कागद दूर धरून पाहिला, मग सौ.कडे पाहिले.

“ये तो सब काट दिया, बाबूजी।”

“अनावश्यक आहे. एका घरात एक फरशी असावी.”

“रहना किसको है घर में?”

मी म्हटले, हा प्रश्न उद्धट आहे. तो म्हणाला, नाही जी, सीधा सवाल है. हे काटून काम करायचे असेल तर सूदकडूनच करवून घ्या. तो चांगला माणूस आहे, माल चांगला लावतो. धंदेवाईक माणूस प्रतिस्पर्ध्याची प्रशंसा करून निघून गेला, हे मी प्रथमच पाहिले.

तो गेल्यावर सौ. म्हणाली, “त्या ओळी राहू द्या.”

“कारण सांग.”

“मला आवडल्यात.”

“आवड हे कारण नव्हे.”

“तुम्हांला अनुस्वार आवडतात. मी कधी कारण विचारलं?”

अनुस्वार आवडीचा विषय नाही, नियमाचा आहे, हे मी तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि ती कणीक मळावयास गेली.

शनिवार, ९ डिसेंबर

अभ्यासिकेतील माझी खुर्ची खिडकीकडे सरकविली, कारण आता ऊन दक्षिणेकडून तिरपे येते. सौ. चहा घेऊन आली ती जुन्या जागी येऊन थांबली आणि मग माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. चहा सांडला नाही. पण खुर्ची पूर्वीच्या जागी ठेवा, असे तिने सांगितले, आणि स्वर असा होता की मी मुकाट्याने ठेवली. 'एकदा दिलेली जागा बदलू नये हो,' असे ती म्हणाली. ती हल्ली प्रत्येक वस्तूच्या बाबतीत असे म्हणते. मिठाचा सट दोन बोटे सरकला तरी तिला खपत नाही. मला हा बदल मनापासून आवडला. चाळीस वर्षांच्या सहवासानंतर माझ्या शिस्तीचा काही अंश तिच्यात उतरला म्हणावयाचा.

गुरुवार, १४ डिसेंबर

जे पाहिले ते क्रमाने लिहितो. अक्षर वाईट आल्यास आजच्या दिवसापुरते चालेल.

सूदचे दरपत्रक मंजूर केल्याचे पत्र खिशात घालून सकाळी सेक्टर सतराला गेलो. तो पुतणीच्या लग्नासाठी अंबाल्यास गेला होता, कचेरीला कुलूप. पत्र दाराच्या फटीतून टाकणे मला प्रशस्त वाटले नाही. नेहमी मी तेथून वाचनालयात जातो आणि जेवणाच्या वेळी परततो. आज वारा बोचरा होता, म्हणून तसाच घरी आलो. पुढील दार आतून लावलेले. बाजूच्या गल्लीतून मागील अंगणाकडे वळलो.

अंगणात उन्हात उजागरसिंग उकिडवा बसला होता. त्याच्यापुढे उथळ लाकडी चौकटींत ओतून सुकविलेले फरशीचे नमुने मांडलेले होते. काम नाकारलेला माणूस हातगाडीवर घालून ते मनीमाजऱ्याहून घेऊन आला होता. आणि सौ. त्यांच्यापुढे उभी होती: अनवाणी, लुगड्याचा काठ घोट्याच्या वर खोचलेला, डोळ्यांवर माझा पंचा घट्ट बांधलेला.

साठी उलटलेली बाई आंधळी कोशिंबीर खेळते आहे, हा माझा पहिला विचार. संताप आला होता, हेही नमूद करतो.

“चलो बीजी।”

सौ.ने पाय टेकला. “रसोई।”

“अगला।”

“गुसलखाना। ये तो बच्चा भी बता देगा।”

“ये?”

ती थांबली. टाच उचलून चवड्यावर भार दिला. “आगे सीढ़ी है,” ती म्हणाली. “यहाँ रुकना है।”

उजागरसिंगाने आवाज न करता दोन चौकटींची अदलाबदल केली. तिने पाऊल टाकले आणि कमरेवर हात ठेवले. “वीरजी, बेईमानी नहीं। रसोई से निकलकर मैं फिर रसोई में कैसे आ गई?” म्हातारा दाढीतल्या दाढीत हसला आणि पुन्हा मांडू लागला. ती एकदाही चुकली नाही. मी मोजदाद करू शकलो असतो, पण मला सुचले नाही. मी नुसता पाहत राहिलो. माझ्या घरातील एकेक खोली तिच्या तळव्याखाली येत होती आणि ती तिचे नाव घेत होती. एखाद्याने बंद पुस्तकावर हात ठेवून पाने वाचावीत, तसे ते होते. आणि ते पुस्तक तिनेच रचलेले होते.

शेवटी त्याने एक लांब पितळी पट्टी जमिनीवर ठेवली. सौ.ने तिच्यावर अंगठा टेकला आणि पट्टीच्या अंगाने चालू लागली. पट्टी संपली तेथे थांबली. मग तिने उजवा हात पुढे केला, माझ्या खुर्चीचा हात जेवढा उंच आहे बरोबर तेवढा. तेथे काहीच नव्हते. हात हवेत राहिला.

“यहाँ वो बैठे होंगे,” ती म्हणाली.

ती पट्टी मी सर्वांत आधी खोडली होती.

उजागरसिंगाने मला आधी पाहिले. गुडघ्यांवरची धूळ झटकीत तो उठला. “बाबूजी आ गए, बीजी।” सौ.ने पंचा सोडला, त्याची घडी केली आणि विचारले, “लवकर आलात. वाढू?”

मी म्हटले, “तुला किती दिसते?”

“समोरचं दिसतं. नळीतून बघावं तेवढं. नळी बारीक होत चाललीय.”

“दाब आटोक्यात आहे असे डॉक्टर म्हणाले होते.”

“आहे ना आटोक्यात. पण गेलंय ते परत यायचं नाही, आणि उरलंय तेही किती टिकेल सांगता येत नाही, हेही म्हणाले होते. तुम्ही तेव्हा त्यांना चिठ्ठीतलं स्पेलिंग दाखवत होतात.”

“मग मला सांगावयाचे होते.”

“सांगितलं असतं तर तुम्ही जयंताला लिहिलं असतं. तुम्हांला खोटं लिहिता येत नाही.” तिने हे दोष सांगितल्यासारखे म्हटले नाही, उंची सांगावी तसे म्हटले. “तो वाईट नाहीये हो. तिकडं नेऊन मला एका खुर्चीत बसवतील. प्रेमानं बसवतील. रागिणी हातात पेला आणून देईल. इथं मी चहा करीन.”

उजागरसिंग चौकटी गाडीवर चढवू लागला होता. मी त्यास म्हटले, आप रुकिए. माझे हिंदी शुद्ध आहे. परंतु त्यापुढील वाक्य मला जुळविता आले नाही. त्याने ते ओळखले. “कोई नहीं, बाबूजी,” तो म्हणाला. “सीमेंट के परमिट की अर्ज़ी आप लिख दो। आपकी लिखाई अच्छी है।”

शुक्रवार, १५ डिसेंबर

सूदसाठी लिहिलेले पत्र फाडले. त्यास नकाराचे नवे पत्र, सन्मानपूर्वक, टपालाने पाठविले.

दुपारी सौ.ला उजागरसिंगाचे दरपत्रक वाचून दाखवावयास बसलो. तिने दुसऱ्या ओळीनंतर मला थांबविले आणि पुढील सर्व बाबी स्वतःच सांगितल्या, क्रमाने, न अडखळता. प्रत्येकीचे कारण सांगितले. बोळातील रेघा आडव्या का? उभ्या असत्या तर पाय त्यांच्याबरोबर वाहत जातो. आडव्या असल्या की मोजता येतात. स्वयंपाकघरात खडी बारीक का? तेथे ती तास न् तास उभी राहते, तळवे दुखू नयेत. खरखर न्हाणीघरातच का? तेथे पाणी असते, आणि शिवाय 'झोपेतून उठून गेलं तरी पायाला जाग यावी.' गोट्यांचा पट्टा हातभर का? एक पाऊल चुकून ओलांडले तरी दुसरे त्यावर पडावे.

मी आजवर मोठमोठे ग्रंथ तपासले आहेत. ज्यात एकही शब्द काढता येत नाही व एकही घालता येत नाही, असा मजकूर माझ्या हातून फार थोडा गेला. तेरा दिवसांपूर्वी मी त्याच्या नऊ ओळी खोडल्या होत्या. आज खोडरबराने तांबडी पेन्सिल पुसली. कागद जरा खरवडला.

“हे सर्व तू केव्हा योजिलेस?”

“पायरीवर बसले ना, तेव्हापासून. म्हणजे पडले तेव्हापासून.”

बुधवार, १० जानेवारी १९७९

सोमवारी काम सुरू झाले. सिमेंटच्या परवान्याचा माझा अर्ज पहिल्याच खेपेस मंजूर झाला. कारकुनाने तो दोन सहकाऱ्यांना दाखविला म्हणतात. धुके इतके की, अंगणातील मजूर आवाजावरून ओळखावे लागतात. आम्ही दोघे अभ्यासिकेत राहतो. त्या खोलीची फरशी सर्वांत शेवटी.

सौ. दररोज ओल्या फरशीच्या कडेला बसून हाताने रेघांमधील अंतर पाहते. काल एक रेघ तिरकी गेली होती. कोणासही दिसली नव्हती. उजागरसिंगाने ती मुकाट्याने बुजवून पुन्हा ओढली व मजुरांना सांगितले, “बीजी की उँगली इंची-टेप है।”

जयंताला पत्र लिहिले. केवळ फरशीविषयी लिहिले. त्यातील एकही वाक्य असत्य नाही, तपासून पाहिले.

सोमवार, २६ फेब्रुवारी

काम शनिवारी संपले. आज मी एक प्रयोग केला. सौ. शेजारणीकडे गेली असता डोळे मिटून दारापासून स्वयंपाकघरात जावयाचे ठरविले. बोळापर्यंत बरा गेलो. मग रेघांची मोजणी चुकली, आणि डोळे उघडले तेव्हा मी न्हाणीघरात बादलीसमोर उभा होतो. परत आलेल्या सौ.ने हे पाहिले नाही, पण ऐकले असावे.

“मोजे काढा आधी,” ती म्हणाली.

अनवाणी उभा राहिलो. तिने माझा हात धरला नाही; 'पायाला विचारा,' एवढेच म्हणाली आणि पुढे चालू लागली. मी पायाला विचारले. माजघर सरून उंबरठ्याची पट्टी आली, ती थंड होती. नंतर बारीक खडी, जवळजवळ मऊ. घर बोलत होते. मी या घरात इतकी वर्षे राहिलो आणि ते बोलू शकेल असे माझ्या मनात कधी आले नाही. मी डोळे मिटलेलेच ठेवले. तिने चहा ठेवल्याचा, साखरेचा डबा उघडल्याचा आवाज ऐकला. तिच्या हालचालीत कोठेही शोधाशोध नव्हती.

रविवार, ११ मार्च

जयंत व रागिणी शुक्रवारी आली. आल्या आल्या जयंताने आपली बॅग बोळात ठेवली. मी ती उचलून भिंतीच्या कोनाड्यात सरकविली. तो म्हणाला, “बाबा यार, आत्ताच तर आलो.” मी म्हटले, वाटेत वस्तू ठेवावयाची नाही, असा या घराचा नियम आहे. त्याने रागिणीकडे पाहून डोळे फिरविले. काही वेळाने त्याने पुन्हा तेथेच पिशवी ठेवली. मी पुन्हा उचलली. दोन दिवस मी हमाली केली असे म्हणता येईल.

फरशीची त्याने प्रशंसा केली. सौ.ने चहा आणला, पोहे आणले, पायऱ्या उतरून वाळत घातलेले कपडे काढून आणले. गोट्यांवर तिचे पाऊल अर्धा श्वास थांबते आणि मग उतरते. ठाऊक नसलेल्यास ते दिसत नाही. जयंत मात्र मुलगा आहे. आज दुपारी अंगणात संत्री सोलताना त्याने विचारले, “आई, खरं सांग. किती दिसतं तुला?”

मी संत्र्याकडे पाहत राहिलो. सौ.ने त्याला सर्व सांगितले, मला सांगितले होते तसेच. त्याने हातातील संत्रे खाली ठेवले.

“फिर तो चलना ही पड़ेगा, आई,” तो म्हणाला. लहानपणी शिमल्यास वाढला; मन भरून आले की त्याची भाषा हिंदी होते. “इथं एकटी कशी राहशील?”

“एकटी कुठं? हे आहेत की.”

“बाबा तर...”

“बूट काढ,” सौ. म्हणाली. “मोजेही. डोळे मीट आणि माझा पदर धर.”

चाळिशीला आलेला मुलगा, डोक्यावर टक्कल पडू लागलेले. त्याने आईचा पदर धरला. ती त्याला पायऱ्या चढवून आत घेऊन गेली. मी व रागिणी अंगणातच बसून राहिलो. आतून सौ.चा आवाज येत होता: “हे काय आलं? सांग. नाही, घाई नको. टाच टेक.” मग त्याचा: “किचन?” “शाबास. आता?” नंतर माझ्या अभ्यासिकेतून त्याचा आवाज आला, “इथं पट्टी संपली.” सौ. काय म्हणाली ते ऐकू आले नाही.

तो बाहेर आला तेव्हा पायऱ्यांवर बसून बराच वेळ बुटाची नाडी बांधीत होता. रागिणीने विचारले, “क्या हुआ?” त्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधावयास घेतली.

सायंकाळी म्हणाला, “घर राहू दे. पण बाबा, गॅसचं बटण तेवढं बदलून घ्या. चालू-बंद हाताला कळेल असं.”

सौ. म्हणाली, “वीरजींनी मागच्या आठवड्यातच खाच पाडून दिलीय.”

रविवार, १२ एप्रिल १९८१

मंडळाच्या गुढीपाडव्याच्या अंकात श्री. नंदकुमार परांडेकर यांनी आमच्या घराविषयी लेख लिहिला आहे. भाव उत्तम, भाषा बरी. तारखा मात्र त्यांनी स्मरणावर विसंबून घातल्या आहेत. पुढील अंकासाठी शुद्धिपत्र तयार केले, त्याची प्रत येथे ठेवतो.

'गृहस्वामींनी डिसेंबर १९७८ मध्ये ही योजना आखली.' योजना १ नोव्हेंबर १९७८ रोजी आखली गेली. गृहस्वामिनीने आखली. गृहस्वामींना ती १४ डिसेंबर रोजी कळली.

'कामास नववर्षदिनी आरंभ झाला.' ८ जानेवारी १९७९.

'प्रजासत्ताकदिनी काम पूर्ण झाले.' २४ फेब्रुवारी. सिमेंटचा दुसरा हप्ता उशिरा मिळाला.

'कै. उजागरसिंग मथारू.' श्री. मथारू मागील रविवारी, ५ एप्रिल रोजी, आमच्याकडे येऊन दोन पेले चहा पिऊन गेले. लेख त्यांना वाचून दाखविला. ते म्हणाले, “चलो, हमारे पीछे कोई अच्छा तो बोला।”

'सौ. शशिकलाबाईंची दृष्टी १४ जानेवारी १९८१ रोजी पूर्णपणे गेली.' ही तारीख चूक आहे. त्या दिवशी संक्रांत होती, श्री. परांडेकर तिळगुळासाठी आले होते व त्यांनी माजघरातील नव्या दिव्याची प्रशंसा केली. सौ. म्हणाली, “असेल. मला आता उजेडही कळत नाही.” हे वाक्य आम्ही सर्वांनी त्या दिवशी प्रथम ऐकले. जयंतास पत्राने कळविले. त्याचे उत्तर आले की, आपल्याला दिवाळीच्या मुक्कामातही काही वेगळे वाटले नव्हते.

त्यापूर्वी केव्हा, हे मी तिला विचारले. ती आठवू लागली. “हळूहळू गेलं हो. मग एक दिवस म्हटलं, अरे, गेलंच की. पण कढीला फोडणी द्यायची होती.” कोणता दिवस? तिला सांगता आले नाही. मी ही दैनंदिनी मागे चाळली. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत प्रत्येक पान पाहिले. मी रोज येथे होतो. रोज दोन वेळा तिने मला अभ्यासिकेत चहा आणून दिला आणि त्याविषयी लिहावे असे मला एकाही दिवशी काही आढळले नाही.

योग्य तारीख उपलब्ध नाही. शुद्धिपत्रात ती जागा कोरी सोडली आहे.